दुखतोय खांदा, सुई नडगीत

गुहागरला व्याडेश्वराच्या दर्शनाला येणाऱ्या मंडळींना मी घरगुती जेवण करून घालते. मे महिन्यात दिवसाला आठ-दहा नारळ खवावे लागतात. गेल्या वर्षी ऐन मे महिन्यात उजवा खांदा कुरकुरायला लागला. वाटलं, कुशीवर झोपल्याने अवघडला असेल. तेल लावलं, शेकलं. जून लागेपर्यंत गत अशी झाली, की वेणी घालायला हात डोक्यामागे जाईना, फडताळावरचा डबा डाव्या हाताने काढायचा, आणि ब्लाउजची बाही चढवताना डोळ्यांत पाणी. रात्री कूस बदलली की जाग. विळीवर बसणं तर बंदच.

चिपळूणला हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. एक्स-रे स्वच्छ. 'फ्रोझन शोल्डर' म्हणाले. मला साखर आहे, आणि साखरवाल्यांना हे जास्त होतं म्हणे. सांध्याभोवतीचं आवरण जाड होऊन आवळतं. आधी नुसतं दुखतं, मग आखडतं, मग हळूहळू आपणच सुटतं. फक्त या सगळ्याला वर्ष लागू शकतं, तीन वर्षंसुद्धा. सांध्यात इंजेक्शन देता येईल, पण त्याने काही दिवस साखर वर जाते, असं त्यांनीच सांगितलं. ते मी लांबणीवर टाकलं. भिंतीवर बोटं चढवायचा, हात लोंबता सोडून झुलवायचा असे व्यायाम दिले होते. पण दोन वीत चढलं की कळ यायची आणि मी सोडून द्यायची.

चिपळूणच्या वन्संनी तिथल्याच एका सुया टोचणाऱ्या डॉक्टरांचं सुचवलं. वन्संची मान तिथे बरी झाली होती. शेजारच्या काकी म्हणाल्या, "अगो, ते तळपाय दाबतात तेच ना?" ते ॲक्युप्रेशर, हे ॲक्युपंक्चर, हे मी पुढे महिनाभर गावात समजावत होते. माझ्या मनात अढी होती ती वेगळीच. मागे एका शिबिरात एका सुईवाल्याने माझी नाडी धरून "साखरेच्या गोळ्या आजपासून बंद" असं फर्मान काढलं होतं. मी चपला घालून घरी आले होते. त्यामुळे या वेळी आधी भिंतीवरचा कागद बघितला. आपल्या राज्यात ॲक्युपंक्चरसाठी 2015 चा वेगळा कायदा आहे, परिषद आहे, तिथली नोंदणी लागते. नोंदणी होती. शेजारी सोलापूरच्या डॉ. कोटणिसांचा फोटो. मला वाटलं, त्यांनीच ही विद्या चीनमधून इकडे आणली. डॉक्टर म्हणाले, नाही काकू, ते तर 1942 साली तिकडेच वारले. 1938 मध्ये चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकात त्यांच्याबरोबर डॉ. बिजय बसू होते, ते पुढे पुन्हा चीनला जाऊन शिकून आले आणि 1959 च्या सुमाराला कलकत्त्यात त्यांनी सुरुवात केली.

पहिल्या दिवशी सुया कमी, प्रश्नच जास्त. झोप कशी, पोट साफ होतं का, तहान किती, दुखणं रात्री वाढतं की चालताना. जीभ बाहेर काढायला लावली. दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून नाडी बघितली, अगदी आपल्या जुन्या वैद्यांसारखी. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत का, पेसमेकर आहे का, हेही विचारलं. माझ्याआधी एक गरोदर बाई होती, तिला ते सांगत होते की काही जागा या दिवसांत टोचायच्या नसतात. साखरेच्या गोळ्यांबद्दल मीच विषय काढला. म्हणाले, "त्या तुमच्या डॉक्टरांनी दिल्यात, मी हात लावणार नाही." तिथे माझी अढी सुटली.

सुईबद्दल सांगते, कारण सगळे तेच विचारतात. इंजेक्शनची सुई पोकळ असते, ही भरीव, पाव मिलिमीटरची, डोक्याच्या केसाच्या साधारण तीनपट जाड. तुमच्यासमोर पाकीट फोडतात आणि वापरून झाली की डब्यात टाकतात. डब्यात टाकताना दिसली नाही तर खुशाल विचारावं. प्लास्टिकची बारीक नळी कातडीवर टेकवतात, वर टिचकी मारतात, नळी काढून घेतात, आणि सुई उभीच. डास चावल्याएवढं. खरं काम त्यानंतर. डॉक्टर सुई किंचित फिरवत आत सरकवतात आणि एका क्षणी आत काहीतरी 'लागतं'. दुखणं नव्हे. जड, बधिर, हाडाच्या आतून कुणी दोरी ओढल्यासारखं. ती ओढ आली की त्यांना हवं असतं, म्हणून ते सारखे विचारतात, "आली का?"

दोन सुया खांद्यावर, हात आडवा उचलला की जे दोन खळगे पडतात तिथे. एक अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसात. आणि एक, इथे मला हसू आलं, पायात. गुडघा आणि घोट्याच्या बरोबर मध्ये, नडगीच्या बाहेरच्या अंगाला. दुखतोय खांदा, सुई नडगीत! ती सुई फिरवत असताना मला म्हणाले, "आता हात वर न्या." मी भीत भीत नेला. रोज जिथे कळ यायची त्या जागेच्या चार बोटं वर गेला. मी हात खाली घेऊन पुन्हा वर नेला, खोटं वाटलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी हात पुन्हा होता तिथेच. वर दंडावर बोराएवढा काळा-निळा डाग. वन्संना फोन करून मी बरीच बोलले. त्या म्हणाल्या, तीन सिटिंग होईपर्यंत तोंड उघडू नकोस.

तर अशी दहा सिटिंग. पहिले तीन आठवडे मंगळवार आणि शनिवार, मग आठवड्यातून एकदा. प्रत्येक वेळचे 400 रुपये. सकाळची एसटी, बायकांना अर्धं तिकीट, शृंगारतळी, मार्गताम्हाणे, रामपूर करत जायचं, पंचवीस मिनिटं सुया लावून पडायचं आणि दुपारच्या गाडीने परत. एक आठवडा बुडाला, कारण वाशिष्ठी वाढली होती. 2021 च्या जुलैमधल्या पुरापासून नदी चढली म्हटलं की हे मला चिपळूणच्या गाडीत पाय ठेवू देत नाहीत.

चौथ्या वेळी सुयांना चिमटे लावून बारीक विजेचं यंत्र जोडलं. दंड आपला आपण टकटक उडतो. त्यातच लाइट गेली. पंखा बंद, बाहेर पाऊस धो-धो, मी अंधारात सुया टोचलेली आणि दंड उडतोच आहे, यंत्र बॅटरीवरचं ना! पलीकडच्या पडद्याआडून एक आजोबा ओरडले, "आम्हाला विसरू नका हो!" दुसऱ्या एका दिवशी खांद्याजवळ एक जाड उदबत्तीसारखी कांडी पेटवून धरली. ऊब छान लागते. वास ओळखीचा वाटला तो उगाच नाही; कांडीत भरलेली वनस्पती आपल्या दवण्याच्याच कुळातली.

एकदा मात्र माझ्याच चुकीने फजिती झाली. अंगारकी होती. सकाळपासून पोटात चहा आणि एक केळं. उपास आहे हे सांगितलंच नाही. तिसरी सुई लागली आणि कानात दडे बसले, कपाळाला गार घाम, समोरचं कॅलेंडर पिवळं दिसायला लागलं. डॉक्टरांनी पटापट सुया काढल्या, पाय उंच केले, साखर तपासली, साखरपाणी दिलं. मग शांतपणे म्हणाले, "बाप्पाला चालतं, मला नाही चालत. जेवून यायचं." साखर असो नसो, रिकाम्या पोटी जाऊ नये.

फरक? पाचव्या-सहाव्या सिटिंगनंतर मी रात्रभर झोपायला लागले. कळ कमी म्हणून भिंतीवरचा व्यायाम खरोखर करायला लागले, आणि बोटं रोज थोडी वर चढायला लागली. भिंतीवर मी पेन्सिलीने रेघा मारल्या होत्या, ह्यांनी त्यावरून माझी उंची मोजतेस का म्हणून विचारलं.

पुण्याचा भाचा फिजिओथेरपिस्ट आहे, त्याने माझ्या उत्साहावर पाणी ओतलं. जर्मनीत 1162 कंबरदुखीवाल्यांवर अभ्यास झाला, 2007 मध्ये छापून आला. सहा महिन्यांनी ठरलेल्या जागी सुया टोचलेल्यांपैकी 47.6 टक्के लोकांना गुण आला. भलत्याच जागी, वरवर टोचलेल्यांपैकीही 44.2 टक्क्यांना आला! आणि नेहमीच्या औषध-व्यायामवाल्यांत 27.4. "मावशी, म्हणजे नडगीतली नेमकी जागा वगैरे फार मनावर घेऊ नकोस. आणि तुझा खांदा तसाही सुटणारच होता." असेल. पण त्या कंबरा होत्या, हा माझा खांदा, आणि जूनमधल्या रात्री मी काढल्यात, त्याने नाही. आठवड्यातून दोनदा दुपारी कुणी हाक न मारता पंचवीस मिनिटं आडवं पडायला मिळालं, त्याचाही काही वाटा असेल. घरात तेवढं कधी मिळतंय?

दहावं सिटिंग झालं आणि पंधरा दिवसांत गणपती आले. डॉक्टरांनी विळीला महिनाभर हात लावायचा नाही असं बजावलं होतं. मोदकांचे नारळ जाऊबाईंनी खवले, मी पाऱ्या करून कळ्या पाडल्या. वेणी माझी मीच घातली होती. विसर्जनाच्या आदल्या दुपारी सगळी झोपलेली बघून मी विळी मांडली आणि नारळाची एक वाटी घेऊन बसले. अर्धी खवून झाली. उरलेली झाकून ठेवली आणि कुणी उठायच्या आत विळी भिंतीला लावली.