रानातला हिवाळी पसारा फोटोत बसवताना

हिवाळी लँडस्केप म्हटलं की पांढऱ्या माळावरचं एकटं झाड डोळ्यांसमोर येतं. तसे फोटो मीही पुष्कळ काढलेत. ते जमतात, कारण बर्फाने सगळं झाकून आपलं अर्धं काम आधीच केलेलं असतं. मला मात्र पानगळ झालेल्या रानात शिरायचं होतं. एकमेकांत अडकलेल्या फांद्या, वादळात आडवे पडलेले बुंधे, बर्फातून डोकं वर काढलेलं वाळकं गवत. तिथे उभं असताना हा पसारा सुंदर वाटतो, आणि फोटोत नुसती गिचमिड उतरते.

कारण साधं आहे. आपल्याला दोन डोळे आहेत, शिवाय मान हलत असते, त्यामुळे जवळची फांदी कुठली आणि लांबची कुठली हे न सांगता कळतं. कॅमेरा मात्र एका भिंगातून सगळं एकाच पातळीवर आणून चिकटवतो. तेव्हा खोली दाखवायला दुसरं काहीतरी शोधावं लागतं. माझा अख्खा हिवाळा या ‘दुसऱ्या काहीतरी’मागे गेला.

एक्स्पोजरचा प्रश्न त्यामानाने लवकर सुटला. कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर समोरचं दृश्य मध्यम करडं धरून चालतं, म्हणून बर्फ मळकट येतो. एक ते दोन स्टॉप वाढवायचे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) आणि स्क्रीनवर विश्वास न ठेवता हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या अंधार-उजेडाचा आलेख, बघायचा. तो उजवीकडे सरकलेला हवा, पण कडेला आदळलेला नको. सावल्या निळ्या येतात त्या येऊ द्याव्यात. उन्हातल्या बर्फावरच्या सावलीत मुख्यतः आकाशाचाच उजेड पोचतो, मग ती निळी दिसणारच. व्हाइट बॅलन्स (रंगछटेचं सेटिंग) ओढून ती निळाई पुसणारे लोक आहेत. मला ते पटत नाही.

खोलीसाठी सगळ्यात जास्त मदत धुक्याने केली. जवळचं झाड काळं, त्यामागचं करडं, त्याहून मागचं जेमतेम ओळखू येईल इतकं फिकं. आपोआप थर पडतात. वाइड अँगल लेन्स मी बॅगेतच ठेवू लागले. गर्द रानात ती आणखी शंभर काड्या फ्रेममध्ये ओढून आणते. ७०-२०० ही लांबचं जवळ आणणारी झूम लेन्स लावून त्या पसाऱ्याचा एखादाच तुकडा उचलायचा, आणि मग पावलाभराने डावीकडे-उजवीकडे सरकत दोन बुंध्यांमध्ये फट दिसेपर्यंत थांबायचं. ट्रायपॉड त्यानंतर. आधी ट्रायपॉड रोवला की माणूस जागेवरून हलत नाही.

पण खरी किल्ली सापडली ती एका काटेरी झुडपापाशी. रात्रभर वारं आणि गोठवणारं धुकं होतं. सकाळी प्रत्येक काडीवर पांढरे काटे उगवलेले, आणि जवळ वाकून बघितलं तर सगळे एकाच बाजूला. काडीची दुसरी बाजू कोरडी, तपकिरी. शून्याखाली जाऊनही द्रवच राहिलेले धुक्याचे थेंब काडीवर आदळताच गोठतात, त्यामुळे हे काटे वारा जिकडून येतो तिकडे तोंड करून वाढतात. काड्या वेड्यावाकड्या होत्या, पण त्यांच्यावरचा बर्फ कंगव्याने विंचरल्यासारखा एका दिशेचा होता. मी वाऱ्याशी काटकोन करून उभी राहिले आणि ती दिशा फ्रेममध्ये आडवी घेतली. गुंता तसाच राहिला, पण वाचता येऊ लागला. तेव्हापासून रानात शिरले की रात्री वारा कुठून होता हे आधी बघते. स्वच्छ आकाशाच्या निवांत रात्री पडणारं दंव वेगळं. तिथे वाफेचा थेट बर्फ होतो आणि वाळक्या पानाच्या कडेकडेने बारीक झालर धरते. त्यासाठी जवळूनच फोटो घ्यावा लागतो.

बर्फ पडत असेल तर शटरचा खेळ. १/२५० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेवलं तर ठिपके, १/३०च्या आसपास रेघा. रानात मला रेघा आवडतात, कारण उभ्या खोडांना त्या तिरक्या छेदतात. ऑटोफोकस मात्र पडणाऱ्या बर्फाच्या मागे धावतो, तेव्हा फोकस हाताने. जादा बॅटरी आतल्या खिशात, आणि घरात शिरण्यापूर्वी कॅमेरा पिशवीत घट्ट बंद, नाहीतर लेन्सवर पाणी धरतं.

विल्सन बेंटली यांनी १८८५ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये सूक्ष्मदर्शकाला कॅमेरा जोडून हिमकणाचा फोटो काढला आणि पुढे असे पाच हजारांहून अधिक काढले. त्यातले गाजलेले सगळे रेखीव, सहा पाकळ्यांचे. माझ्या बाहीवर पडतात ते बहुतेक तुटके, एकमेकांना चिकटलेले. रेखीव निवडण्याचा मोह मी समजू शकते.

एडिटिंगमध्ये नको ती फांदी खोडणं आता क्षणाचं काम झालंय. मी खोडत नाही, फार तर कडेने क्रॉप करते. फांदी काढल्याशिवाय जो फोटो उभाच राहत नाही, तो सरळ डिलीट. त्यामुळे माझ्याकडे हिवाळी फोटो फार उरत नाहीत.