पान उचललं, जेवणारा बसलेलाच : झिग, वल्कन आणि माझा गायब झालेला डोंगर

मंडळी, मागचा लॉग लिहिला तेव्हा घरात आंब्याच्या पेट्या रचलेल्या आणि लॅपटॉप ठेवायला टेबलाचा कोपरासुद्धा मिळत नव्हता. आता पेट्या गेल्या, पाऊस आला, दिवसातून दोनतीनदा लाईट जाते, म्हणजे बॅटरी चालेल तेवढंच काम. तरी बरंच पुढे सरकलंय. पण या वेळी एक चूक अशी केली आणि ती सापडायला इतकी रात्र गेली की बाकीचं पटापट सांगतो आणि तिच्यावर निवांत बसतो.

नवीन कोणी असेल तर, मी गुहागरचा, आणि आपल्या भागाचा डोंगर-समुद्र स्क्रीनवर उडत बघता येईल असा प्रोग्रॅम छंद म्हणून लिहितोय. गेम नाही, इंजिन नाही. भाषा झिग, जीपीयूशी (चित्र काढणाऱ्या ग्राफिक्स चिपशी) बोलणं थेट वल्कनमधून, म्हणजे त्या चिपला हुकूम द्यायच्या फंक्शनच्या संचातून. डेटा एसआरटीएमचा, फेब्रुवारी २००० मधे एन्डेव्हर शटलने ११ दिवस वरून रडार मारून उंची मोजली ना, तो. एक टाईल म्हणजे एक अंश बाय एक अंश, त्यात ३६०१ बाय ३६०१ आकडे, आकडा दोन बाईटचा, फाईल बरोबर २,५९,३४,४०२ बाईटची. १७ उत्तर ७३ पूर्व या एकाच टाईलमधे गुहागर, दापोली, चिपळूण, दाभोळची खाडी, कोयनेचं धरण आणि वर महाबळेश्वरसुद्धा येतं. रत्नागिरी शहर मात्र थोडक्यात हुकतं, ते १६.९९ वर आहे, म्हणजे खालच्या टाईलमधे.

पहिल्यांदा मी सरळ प्रत्येक आकड्याचा व्हर्टेक्स (त्रिकोणाचा कोपरा) केला होता. जागा आणि नॉर्मल (पृष्ठभागाचं तोंड कुठे ते) मिळून २४ बाईट, गुणिले सव्वा कोटीच्या वर बिंदू, म्हणजे ३१ कोटी बाईट, आणि त्रिकोणांचे इंडेक्स परत तेवढेच. २६ एमबीची फाईल जीपीयूवर ६२० एमबीच्या पुढे. आता ते सगळं काढलं. उंचीची फाईल जशीच्या तशी १६ बिटची टेक्स्चर (जीपीयूवरचं चित्र) म्हणून चढवली (३६०१ बसतं, वल्कनमधे प्रत्येक कार्डाला निदान ४०९६ ची बाजू द्यावीच लागते), आणि ६० बाय ६० चौकटींची एकच जाळी ठेवली. ३६०० ला ६० ने भाग जातो म्हणून ६०, त्यात दुसरं काही शहाणपण नाही. तीच जाळी वेगवेगळ्या जागी ३६०० वेळा काढायची आणि शेडरने (जीपीयूवर चालणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमने) टेक्स्चरमधून उंची उचलायची. टेक्स्चर पूर्णांकांची असल्यामुळे लिनिअर फिल्टर (मधली किंमत आपोआप काढणं) चालत नाही, शेजारचे चार आकडे घेऊन सरासरी आपणच काढायची, त्याचं दुःख मागे लिहिलंय.

म्हणजे दर फ्रेमला जीपीयूला सांगायचं काय, तर कुठले तुकडे कुठे काढायचे. तुकड्यामागे चार फ्लोट, १६ बाईट, सगळे दिसत असले तरी ५७,६०० बाईट. एवढीशी यादी. आणि हिनेच मला नाचवलं.

आता ॲलोकेटर, म्हणजे मेमरी देणारा-घेणारा. झिगमधे मेमरी मागणारं फंक्शन असलं की त्याला ॲलोकेटर हातात द्यायचा, असा रिवाजच आहे. लपूनछपून कोणी मालोक करत नाही. ऑगस्ट २०२५ च्या ०.१५ पासून तर ॲरेलिस्टसुद्धा (वाढत जाणारी यादी) आपल्याजवळ ॲलोकेटर बाळगत नाही, दर अपेंडला द्यावा लागतो. सुरुवातीला वैताग आला, ओडिन भाषेत कसं, कॉन्टेक्स्टमधून गपचूप पुढे जातो, इथे सारखं लिहा. पण जीपीयूचं काम करताना हे उघडं लिहिणंच बरं वाटतं, कारण ॲलोकेटर म्हणजे शेवटी दोन पॉइंटर, एक त्याच्या सामानाकडे आणि एक फंक्शनच्या तक्त्याकडे. मागणाऱ्याला कळतसुद्धा नाही की मेमरी कुठून आली.

मग मला सुचलं की वल्कनचा बफर (जीपीयू वाचतो तो मेमरीचा पट्टा) मॅप केला, म्हणजे सीपीयूला दिसेल असा केला, की आपल्याला एक साधा पॉइंटर मिळतो, तो स्लाईस करून फिक्स्ड बफर ॲलोकेटरला (हातात दिलेल्या एकाच पट्ट्यातून जागा देणाऱ्याला) द्यायचा, झालं! आता तीच ॲरेलिस्ट, तोच माझा जुना कोड, आणि आकडे थेट जीपीयूला दिसणाऱ्या मेमरीत पडतायत. मधे कॉपी नाही. इथे अरीना ॲलोकेटर (सगळी जागा शेवटी एकदम सोडणारा) मुद्दाम टाळला, कारण तो आपल्या हिशेबाच्या नोंदी त्याच मेमरीत लिहितो, फिक्स्ड बफरवाला मात्र 'इथपर्यंत भरलं' एवढा एक आकडा बाहेर ठेवतो आणि बाकी जागेला हात लावत नाही. असं मला वाटत होतं.

चालवलं. निळं आकाश. डोंगर नाही, किनारा नाही, काही नाही. व्हॅलिडेशन लेयर (वल्कनचा चुका सांगणारा तपासनीस) गप्प, म्हणजे वल्कनच्या मते सगळं ठीकठाक. मग वेग बघायला म्हणून, नेहमीचं तपासण्यांवालं डीबग सोडून, रिलीजफास्टमधे बिल्ड केलं तर अख्खा सह्याद्री समोर! परत डीबगमधे, परत निळं आकाश. साधारण उलटं होतं ना, डीबगमधे चालतं आणि रिलीजमधे मरतं. रात्रीचे साडेअकरा, बाहेर धो धो पाऊस, बॅटरी ३४ टक्के.

शेवटी रेंडरडॉक (जीपीयूची फ्रेम उघडून दाखवणारं साधन) लावलं आणि एक फ्रेम पकडून यादीचा बफर उघडला. प्रत्येक तुकड्याचा एक्स, वाय, स्केल, सगळीकडे एकच आकडा, उणे ३.०३१६५ गुणिले दहाचा उणे तेरावा घात. शून्य नाही, कचरा पण नाही, सगळीकडे तोच. तो बघितला आणि डोक्यात घंटा वाजली. झिग डीबगमधे 'अनडिफाईन्ड' (किंमत न ठरलेल्या) मेमरीत हेक्स एए भरून ठेवतो, दर बाईटला एए, आणि चार एए मिळून फ्लोट वाचला की नेमका हाच आकडा येतो. स्केल जवळजवळ शून्य म्हणजे जाळीचे ३,७२१ बिंदू एकाच ठिकाणी, त्रिकोणाला क्षेत्रफळच नाही, मग काढणार काय.

पण एए भरलं कोणी? मीच. यादी तयार करणाऱ्या फंक्शनमधे सवयीने डिफर (फंक्शन संपताना हे चालव) लिहून फ्री, म्हणजे मेमरी परत, ठेवलेलं. झिग शिकलो तेव्हापासून बोटांना लागलेली सवय आहे, ॲलोक लिहिलं की खालच्या ओळीत डिफर फ्री. आणि फिक्स्ड बफर ॲलोकेटर फ्रीला तसं काही करत नाही, शेवटची जागा असेल तर आकडा मागे घेतो, नाहीतर सोडून देतो, म्हणून मी निर्धास्त. पण फ्री त्याच्याकडे पोचायच्या आधी ॲलोकेटरचं वरचं आवरण डीबगमधे ती जागा एए ने पुसतं! फंक्शन संपलं, पुसलं, आणि मग मी कमांड सबमिट केली, म्हणजे जीपीयूकडे पाठवली. जीपीयू बिचारा नंतर येऊन वाचतोय तर पाटी कोरी. रिलीजमधे पुसणं होत नाही म्हणून जुने आकडे तसेच पडून होते आणि डोंगर दिसत होता, म्हणजे चूक तिथेही होतीच, फक्त दिसत नव्हती. मला तर डीबगवाला झिग हाच शेजारी चांगला वाटला, तोंडावर सांगणारा.

डिफर काढलं, डोंगर आला, मी झोपलो. सकाळी कॅमेरा जोरात फिरवला तर दाभोळच्या बाजूचे तुकडे लुकलुकायला लागले.

याचं उत्तर मला गेल्या रविवारी देवळात मिळालं. प्रसादाची पंगत होती, आम्ही पोरं वाढायला, दुसरी पंगत बाहेर ताटकळलेली म्हणून मी घाई करत पानं उचलत चाललो आणि एका आजोबांचं पानही उचललं. ते शांतपणे म्हणाले, "अरे बाळा, माझा ताकभात राहिलाय अजून." मी पान परत ठेवलं, सगळी पंगत हसली. आणि तिथेच कळलं की मी कोडमधे हेच करतोय. फ्रेमच्या सुरुवातीला ॲलोकेटर रीसेट, म्हणजे पंगत उठली असं मी माझ्या मनाने धरलं. पण सबमिट म्हणजे नुसतं वाढून झालं, जेवण अजून चालूच आहे. जीपीयू मागची फ्रेम वाचतोय आणि मी त्याच पानावर पुढच्या पंगतीचा भात वाढतोय.

तर आता दोन ओळी मांडल्यात, म्हणजे बफरचे दोन भाग, प्रत्येकाचा स्वतःचा फिक्स्ड बफर ॲलोकेटर आणि स्वतःचा फेन्स, म्हणजे जीपीयूचं काम संपल्याची खूण. एक ओळ जेवत असताना दुसरीत वाढायचं, आणि ज्या ओळीत परत वाढायचं तिचा फेन्स लागेपर्यंत थांबायचं, मगच रीसेट. कोडमधे पाच ओळींचा बदल. टेक्स्चर किंवा मोठा बफर सोडायचा असेल तरी लगेच सोडत नाही, कितव्या फ्रेममधे शेवटचा वापरला तो नंबर लावून रांगेत टाकतो आणि त्या फ्रेमचा फेन्स लागला की खरोखर सोडतो. फ्री या शब्दाचा अर्थ सीपीयूच्या घरी एक आणि जीपीयूच्या घरी दुसरा, आणि झिगचा इंटरफेस फक्त पहिला ओळखतो. म्हणून आता फ्रेमच्या मेमरीला माझा वेगळा टाईप आहे, ज्यात फ्री हे फंक्शनच नाही. नसलेलं बटण कोणी दाबत नाही.

मग बिल्ड पुण्याच्या दादाकडे पाठवली, त्याच्याकडे वेगळं कार्ड आहे. त्याचा फोन, "अरे काय पाठवलंयस, तुझ्या टुकार लॅपटॉपवर पळतं म्हणतोस आणि माझ्याकडे रांगतंय!" माझ्या लॅपटॉपला रॅम एकच, सीपीयू-जीपीयू दोघांची, त्यामुळे कुठेही लिहा-वाचा. त्याच्याकडे मॅप केलेला बफर कार्डावरच्या मेमरीत, पीसीआय एक्सप्रेसच्या पलीकडे. तिथे ओळीने लिहीत गेलं तर चांगला वेग मिळतो, पण वाचायला गेलं की संपलं, कारण वाचताना कॅश मधे नसते, दर वेळी पलीकडे जाऊन यायचं. आणि मी काय करत होतो, तर तुकड्यांची यादी जवळचा-लांबचा लावायला तिथेच सॉर्ट करत होतो. सॉर्ट म्हणजे वाचणंच वाचणं. आता साध्या रॅममधल्या अरीनात सॉर्ट करून शेवटी एकदम कॉपी. हो, तीच कॉपी जी मी वर मोठ्या हुशारीने वाचवली होती. जुन्या पद्धतीच्या मशीनवर कार्डाच्या मेमरीत सीपीयूला डोकवायची खिडकीही २५६ एमबीचीच असते, त्यामुळे मोठा माल तिथे उतरवायचाच नाही, दर फ्रेमची यादी तेवढी तिथे.

एक गैरसमज माझा होता तो तुमचाही असू शकतो. वल्कनच्या बहुतेक क्रिएट फंक्शनना शेवटी शेवटी एक ॲलोकेटरचा पॉइंटर देता येतो, मला वाटलं तो जीपीयूच्या मेमरीचा. अजिबात नाही, तो ड्रायव्हर स्वतःच्या कामासाठी साधी रॅम मागतो त्याचा. झिगचा ॲलोकेटर तिथे जोडून बघितला, मजा म्हणून, आणि पहिल्याच पायरीला अडलो. वल्कन जागा परत देताना नुसता पॉइंटर देतो, झिगला मात्र परत घेताना लांबी आणि अलाईनमेंट (पत्ता कितीच्या पटीत ते) दोन्ही लागतात. मग प्रत्येक जागेच्या आधी छोटी चिठ्ठी, त्यात दोन्ही लिहून. आणि ड्रायव्हर कधी नल पॉइंटरही फ्री करायला पाठवतो, तेव्हा गप्प बसायचं, मी गप्प बसलो नव्हतो. फायदा एवढाच की डीबग ॲलोकेटर मागे लावला की बंद करताना मी काय काय मोडायचं विसरलो ते गळतीच्या यादीत दिसतं. दोन पाईपलाईन आणि एक सॅम्पलर विसरलेलो.

खरी जीपीयू मेमरी मोठ्या ब्लॉकमधेच घ्या. वल्कनमधे एकावेळी मेमरीचे किती वेगवेगळे तुकडे घेता येतील याला मर्यादा असते, ४०९६ मिळतील एवढीच खात्री, आणि बऱ्याच ड्रायव्हरवर आकडा तोच. मी ६४ एमबीचा ब्लॉक घेऊन आत फ्री लिस्ट (मोकळ्या जागांची यादी) ठेवलीय. ती आढीसारखी, पिकेल तसा एकेक आंबा काढायचा आणि मोकळ्या जागी दुसरा ठेवायचा. फक्त या यादीच्या नोंदी ब्लॉकच्या आत ठेवता येत नाहीत, कारण ती मेमरी सीपीयूला दिसेलच असं नाही. त्या बाहेर, साध्या रॅममधे.

शेडर झिगमधेच लिहायचा प्रयत्नही केला. कंपायलरला स्पिअर-व्ही (वल्कनला लागणारं शेडरचं रूप) काढता येतं, पॉइंटरच्या टाईपमधेच ॲड्रेस स्पेस लिहायची, त्यामुळे युनिफॉर्मचा (शेडरला बाहेरून मिळणाऱ्या ठरलेल्या आकड्यांचा) पॉइंटर चुकून भलतीकडे गेला तर कंपायलर अडवतो. ॲलोकेटर वगैरे तिथे अर्थातच नाही, शेडरमधे मेमरी मागायची सोयच नाही. साधा व्हर्टेक्स शेडर चालला, टेक्स्चर वाचायची वेळ आली तेव्हा मी हात टेकले आणि जीएलएसएलवर (शेडरच्या नेहमीच्या भाषेवर) परत आलो. पण एक सवय त्यातून राहिली, दोन्हीकडच्या स्ट्रक्टचे ऑफसेट (कुठला आकडा कितव्या बाईटवर ते) कॉम्पटाईमला, म्हणजे कंपाईल होतानाच, तपासायचे. जीएलएसएलच्या एसटीडी १४० या मेमरी मांडणीत तीन फ्लोटचा वेक्टर १६ च्या पटीत बसतो, झिगमधला तीन फ्लोटचा ॲरे ४ च्या. पूर्वी हा घोळ झाला की सूर्यप्रकाश समुद्राखालून यायचा, आता बिल्डच होत नाही.

काल संध्याकाळी लाईट होती तेव्हा आत्याला दाखवलं. तिने चष्मा लावून बघितलं, मी असगोळीकडून किनारा धरून वर आलो. "आणि आपली वाडी कुठाय?" म्हटलं, आत्या, यात एक ठिपका तीस मीटरचा, घर दिसणार नाही. पण किनाऱ्यालगत एक बारीक उंचवटा आहे बघ, तिथे खरं तर जमीन सपाट आहे, रडार झाडांच्या शेंड्यांवरूनच बरंचसं परत फिरलं असणार, म्हणजे ते माड आणि पोफळी. ती जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "दोन हजार सालातले ना? मग त्यातले निम्मे निसर्ग वादळात पडले की."

पुढच्या वेळी खालची टाईल जोडायची आहे. शेजारच्या टाईलची कडेची रांग सामाईक असते, त्यामुळे शिवण दिसू नये, पण दुसरी चढवताना पहिली सोडायची रांग नीट चालते का ते तेव्हा कळेल. कोणाकडे जुनं, छोट्या खिडकीवालं कार्ड असेल तर बिल्ड चालवून बघा आणि फ्रेम किती मिलिसेकंदात होते तेवढं सांगा.