मांडवाच्या खांबात उतरलेला करंट

२०१९ चा मे महिना. लातूर जिल्ह्यात त्या वर्षी पाण्याचे हाल होते आणि काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या. सकाळी साडेसातला औसा तालुक्यातल्या एका गावातून फोन आला. बोलणाऱ्याचा आवाज कापत होता.

"मिस्त्री, घरात करंट उतरलाय. कुठं बी हात लावला की झिणझिण करलालंय. आत्ता आमच्या आत्याला फ्रिजनं फेकून दिलं बघा. संध्याकाळी लेकीची हळद हाय, कसं करावं?"

मी म्हणालो, "आधी मेन बंद करा अण्णा, आणि कोणालाच कशाला हात लावू देऊ नका."

मी आयटीआय करून परवाना घेतलेला वायरमन आहे. पंधरा-वीस वर्षांत शॉकच्या तक्रारी शेकड्यानं पाहिल्या, आणि बहुतेक वेळा एखादी मोटार, गिझर नाहीतर इस्त्री निघते. गाडीवर इन्सुलेशन तपासायचा मेगर, अर्थ टेस्टर आणि माझा जुना टेस्ट लॅम्प घेतला, पोराला मागं बसवलं आणि निघालो.

घर पाहण्यासारखं होतं. अण्णांच्या वडिलांचा माळवदाचा वाडा १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंपात बसला होता. त्यामुळे २०१२ साली हे घर बांधताना अण्णांनी लोखंडाला आणि सिमेंटला हात आखडला नव्हता. पाया भरताना गावातली माणसं बघायला येत होती म्हणे. वायरसुद्धा ते स्वतः लातूरहून घेऊन आले होते, आयएसआय छापाची, तांब्याची. मी डीबीतल्या, म्हणजे घराच्या मुख्य स्विचपेटीतल्या, एका टोकाला ब्लेडनं खरवडून पाहिलं. आतही लाल तांबंच निघालं, वरून तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम नव्हतं. दिव्यांना दीड एमएम, प्लगला अडीच, गिझरला चार, सगळं जागेवर. स्विचच्या प्लेटाही भारीतल्या मोड्युलर. काम करणाऱ्याचा हात चांगला होता हे भिंतीत दिसत होतं, म्हणून मी जरा बुचकळ्यात पडलो.

आत्या ओट्यावर बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर धरून. पाणी काढायला फ्रिज उघडला तेव्हा पायात रबरी स्लिपर होती. त्या तेवढ्यावर वाचल्या.

अण्णांना बोअरच्या मोटारीचा संशय होता. त्यांनी स्टार्टरच्या वायरी सोडवूनही ठेवल्या होत्या, तरी करंट होताच. गावातल्या एका पोरानं टेस्टर घेऊन घरभर फिरून पाहिलं होतं. फ्रिज, वॉशिंग मशीन, गिझरचा नळ, प्लेटांचे स्क्रू, सगळीकडे टेस्टर पेटतो म्हणत होता. पण टेस्टरवर मी कधी निकाल देत नाही. त्यातला निऑनचा दिवा अगदी किरकोळ करंटवरही पेटतो, आणि घाबरलेल्या माणसाला सगळं घरच पेटलेलं दिसतं. खरं सांगतो तो शंभर वॉटचा बल्ब. होल्डरला दोन वायरी, बाकी काही नाही.

सगळ्यांना अंगणात काढलं, मेन चालू केला आणि हॉलमधल्या प्लगमध्ये बल्ब लावला. आधी फेज, म्हणजे करंट आणणारी वायर, आणि न्यूट्रल, म्हणजे परतीची: लख्ख. मग फेज आणि अर्थ, म्हणजे जमिनीत जाणारी हिरवी वायर. अर्थिंग जिवंत असेल तर इथंही बल्ब पेटतो. मिणमिणलासुद्धा नाही. म्हणजे अर्थिंग मेलेली. असं मराठवाड्यात उन्हाळ्यात बऱ्याच घरांत सापडतं, त्याचं नवल नव्हतं. मग सवयीनं न्यूट्रल आणि अर्थमध्ये लावला, आणि बल्ब फेजवर पेटावा तसा लख्ख पेटला.

माझ्या पाठीतून घाम उतरला. हिरवी वायर जमिनीला तर जोडलेली नव्हतीच, उलट तिच्यात कुठून तरी पूर्ण फेज आलेला होता. आणि चांगल्या कामाची गंमत नव्हे, भीती अशी की त्या वायरमननं हिरवी वायर इमानानं प्रत्येक प्लगला, प्रत्येक लोखंडी बॉक्सला नेलेली होती. ती घरभर फिरून सगळ्या यंत्रांची अंगं एकमेकांना जोडत होती. एका यंत्रातला बिघाड ती सगळ्यांच्या अंगात पोचवत होती. अर्थिंग अजिबात नसती तर करंट त्या एकाच यंत्रात राहिला असता. मातीपर्यंत न पोचलेली अर्थिंग त्याहून वाईट, हे मला आधी माहीत होतं, पण डोळ्यासमोर बल्ब पेटलेला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला.

बल्ब तसाच ठेवला. पोराला म्हणालो, रबरी हातमोजे घाल, प्लगच्या पिनला बोट लागू देऊ नको, आणि एकेका यंत्राचा टॉप प्लगमधून काढत ये. मिक्सर काढला, बल्ब पेटलेला. वॉशिंग मशीन, फ्रिज, गिझर, पेटलेलाच. बाजूच्या खोलीतल्या खिडकीशी कुलर होता, पाहुण्यांसाठी कालच धुऊन लावलेला. त्याचा टॉप निघाला आणि बल्ब विझला.

पत्र्याच्या कुलरची पाठीमागची जाळी काढली. आतल्या पाण्याच्या पंपाची वायर टाकीच्या पत्र्याच्या धारेवरून आलेली. जाळी बसवताना ती धारेत चेपली होती, इन्सुलेशन कापलं गेलं होतं, आणि तांबं पत्र्याला टेकलं होतं. एवढंसं, तांदळाच्या दाण्याएवढं.

खरी धास्ती मात्र त्यानंतर बसली. कुलर ज्या लोखंडी स्टँडवर होता तो स्टँड खिडकीच्या ग्रिलला टेकलेला. बाहेरून मांडववाल्यांनी लोखंडी पाईपचा एक खांब त्याच ग्रिलला घट्ट बांधलेला. त्या खांबाला आडवे पाईप, आडव्यांना पुढचे खांब, असा सगळा मांडव. मी कुलरचा टॉप मिनिटभरासाठी पुन्हा लावायला सांगितला. अंगणात एक सळई ओल्या जागी ठोकून मीटरचं एक टोक तिला आणि दुसरं खांबाला लावलं. ९४ व्होल्ट. खांब कोरड्या मुरमात रोवलेले होते, म्हणून करंट जमिनीत उतरून जात नव्हता. संध्याकाळी अंगणात सडा पडणार होता, हळदीची अंघोळ होणार होती, लेकरं त्या खांबांना धरून गोल गोल फिरणार होती.

अण्णांनी मीटरचा आकडा पाहिला आणि ते तिथंच खाली बसले. काही बोलले नाहीत.

कुलर बाजूला केला तरी काम संपलं नव्हतं. मला दोन गोष्टी खटकत होत्या. डीबीत चाळीस अँपिअरची आरसीसीबी बसवलेली होती, ३० मिलिअँपिअरची, माणसाचा जीव वाचवण्यासाठी जी लावतात तीच. फेजमधून जेवढा करंट गेला तेवढा न्यूट्रलमधून परत आला नाही की ती क्षणात तोडते. आत्यांच्या अंगातून करंट जमिनीत गेला तेव्हा ती पडायला हवी होती. मी टेस्टचं बटण दाबलं. खटका खाली पडला, आणि घरातला एकही दिवा विझला नाही.

झाकण काढलं. आरसीसीबीच्या वरून खाली, फेजलाही आणि न्यूट्रललाही, वायरीचे तुकडे टाकून तिला मधूनच वगळलेलं होतं. नुसती शोभेला ठेवलेली. अण्णांना विचारलं तेव्हा आठवून म्हणाले, "चार वर्षं झाली. इन्व्हर्टर बसवला आन् ती सारखी पडायला लागली. बसवणारा म्हणला, पीसच खराब हाय, डायरेक्ट करून देतो."

पीस खराब नव्हता. इन्व्हर्टरला फेज दिला होता आरसीसीबीच्या आधीच्या बाजूनं, आणि इन्व्हर्टरवरच्या दिव्यांचे न्यूट्रल मात्र तिच्या पुढच्या लिंकवर राहिले होते. दिवा लागला की करंट एका वाटेनं जायचा आणि दुसऱ्या वाटेनं यायचा. जाणं-येणं जुळत नाही म्हणून ती पडायची, आणि तिचं पडणं बरोबरच होतं. एक वायर सरकवायची होती. तिचं ऐकण्याऐवजी तिचं तोंड बंद केलं. हे मी फार ठिकाणी पाहिलं आहे आणि दर वेळी माझा जीव जळतो, कारण घरच्यांना ते कळतसुद्धा नाही. डीबीत पीस दिसतो, त्यांना वाटतं आपण सुरक्षित आहोत.

दुसरी गोष्ट म्हणजे अर्थिंगचा खड्डा. अण्णा म्हणाले तुळशीपाशी आहे. तिथं शहाबादी फरशी होती. घर झाल्यावर वर्षभरानं अंगण फरशीबंद केलं आणि खड्डा खाली गेला, म्हणजे इतक्या वर्षांत त्यात पाण्याचा थेंब पडला नव्हता. फरशी उचकटली, फूटभर उकरलं आणि तुटलेलं टोक हातात आलं. खड्ड्यातल्या पाईपाकडून आलेली आठ गेजची जीआय तार आणि घरातून आलेली तांब्याची हिरवी वायर, दोघींना मातीच्या आत नुसता पीळ मारून वर इन्सुलेशन टेप गुंडाळलेली. जस्त चढवलेलं लोखंड आणि तांबं असे दोन धातू, भोवती खड्ड्यात घातलेल्या मिठाची ओल. पहिल्या एक-दोन पावसाळ्यांतच तिथं बॅटरीसारखं काम सुरू झालं असणार. अशा जोडात तांबं टिकतं, आधी जस्त आणि मग लोखंड खाल्लं जातं. तारेची तांबूस भुकटी झाली होती. पाईपही अर्धवट निघाला, जेमतेम तीन फुटांचा, आणि काळी माती आटून त्याच्याभोवती बोटभर पोकळी पडलेली. तो मातीला धड टेकतही नव्हता.

कोणीतरी सुचवलं, बोअरच्या केसिंगला जोडा. केसिंग, म्हणजे बोअरमधला पाईप, पीव्हीसीची होती; प्लास्टिकातून करंट जात नाही. मी बघून आलो आणि नको म्हणालो.

पोराला औशाला पिटाळलं. ४० एमएमचे अडीच मीटरचे दोन जीआय पाईप, २५ बाय ३ ची जीआय पट्टी, बोल्ट, वायरीच्या टोकाला बसवायचे कथील चढवलेले लग, नवी आरसीसीबी. मे महिन्यातली काळी माती खणणं म्हणजे दगड फोडणं. गावातली चार पोरं पहार घेऊन आली, त्यातला एक मांडववाल्यांचाच होता. घरापासून दीड मीटर सोडून पहिला खड्डा, आणि तिथून पाच मीटरवर दुसरा. फार जवळ घेतले तर दोन पाईप मिळून एकाचंच काम करतात. पाण्याचा प्रश्न होता. प्यायचं पाणी टँकरचं. हळदीसाठी भरून ठेवलेल्या टाकीतून अण्णांनी न विचारता दोन पिंप पाणी दिलं. माती थर लावून ओली करून ठोकत गेलो. ओहम म्हणजे करंटला होणारा अडथळा, जितका कमी तितकी अर्थिंग चांगली. पहिल्या पाईपचं रीडिंग आलं सहा ओहम, दोन्ही जोडल्यावर साडेतीन. आपली काळी माती कोरडी असली की दगा देते, पण ओल धरली तर अर्थिंगसाठी तिच्यासारखी माती नाही.

या वेळी जोड मातीत ठेवला नाही. पट्टी भिंतीवर फूटभर वर आणली, तिथं डबीत बोल्टनं तांब्याची वायर कथिलाच्या लगमधून जोडली. कोणालाही झाकण काढून बघता येईल अशी.

अण्णांचा मुलगा पुण्यात शिकतो. तो बारकाईनं बघत होता. त्यानं विचारलं, "काका, अर्थिंग एवढी चांगली झाली, मग आरसीसीबी कशाला? एमसीबी पडेल की."

चांगला प्रश्न होता. एमसीबी म्हणजे करंट फार वाढला की पडणारा खटका. भिंतीवर खडूनं त्याला मांडून दाखवलं. २३० व्होल्टला साडेतीन ओहमनं भागलं की साधारण ६५ अँपिअर. प्लगची एमसीबी १६ ची, सी प्रकारची. ती क्षणात पडायला करंट पाच ते दहा पट लागतो, म्हणजे ८० ते १६०. ६५ वर ती पडेल, पण तापून, काही सेकंद घेऊन. आणि हा हिशोब आजच्या ओल्या मातीचा आहे, पुढच्या मे महिन्यात ओहम वाढतील. तेवढे सेकंद माणसाकडे नसतात. म्हणून आपल्याकडे खड्डा आणि आरसीसीबी दोन्ही लागतात. त्यानं खडूचा फोटो काढून घेतला.

इन्व्हर्टरचा फेज आरसीसीबीच्या पुढं सरकवला, दिवे लावले; पडली नाही. कुलरचा पंप बदलला, वायर रबरी बुशमधून घेतली. मांडवाचा तो खांब ग्रिलपासून सोडवून वेगळा रोवायला लावला, आणि त्यांच्या झालरीच्या वायरीतले उघडे पीळ पुन्हा टेप करून घेतले. साडेचार वाजले होते. इन्व्हर्टर बंद करून ठेवला. मी टेस्टचं बटण दाबलं. अख्खं घर अंधारलं, आतून बायकांचा एकदम आवाज आला, "लाईट गेली!" पुन्हा खटका वर केला.

प्रत्येक प्लगवर बल्ब लावत गेलो. आता फेज आणि अर्थमध्ये बल्ब लावला की आरसीसीबी लगेच पडत होती, जशी पडायला हवी. न्यूट्रल आणि अर्थमध्ये काहीच नाही. फ्रिजच्या अंगावर मीटर शून्य. खांबांवर शून्य.

पैशाचं अण्णांनी विचारलं तेव्हा सामानाचे आणि दिवसाच्या मजुरीचे सांगितले. एका खोलीच्या प्लेटांना त्यांनी याहून जास्त घातले होते, हे त्यांनीच बोलून दाखवलं. तुळशीपाशी फरशी परत बसवू का, असं गवंडी विचारत होता. अण्णांनी सांगितलं, तेवढा चौकोन मोकळा ठेव, तुळशीला घातलेलं पाणी तिकडं जाईल असा उतार कर.

निघताना आत्यांनी मला थांबवलं. दिवसभर त्या ओट्यावरून उठल्या नव्हत्या. म्हणाल्या, "ऊन लई हाय, पाणी पिऊन जा." मग फ्रिजपाशी जाऊन उभ्या राहिल्या, हात पुढं होईना. मी मीटर पुन्हा लावून आकडा त्यांना दाखवला, दार माझ्या हातानं उघडलं आणि बंद केलं. "आता तुम्ही उघडा आत्या."

त्यांनी पदर हाताला गुंडाळला, एकदा माझ्याकडं बघितलं, आणि उघडला.