फोर बाय फोरचा दिवा नुसता लुकलुकत राहतो तेव्हा

"शिफ्ट मोटर (फोर बाय फोर जोडणारी मोटर) गेली, अख्खी असेंब्ली बदलावी लागेल," असं सांगून सर्व्हिस सेंटरने तीन दिवस गाडी अडकवून ठेवली. दोष निघाला व्हॅक्यूमच्या, म्हणजे हवा खेचण्याच्या, रबरी पाइपमध्ये. तो राग अजून उतरलेला नाही.

माझी डिझेल पिकअप. डॅशबोर्डवर नॉब, टू-एच (फक्त मागची चाकं), फोर-एच (चारही चाकं), फोर-एल (चारही चाकं, कमी वेग, जास्त जोर). नॉब फोर-एचवर नेला की दिवा लुकलुकायचा, स्थिर व्हायचा नाही. फ्यूज आणि बॅटरी ठीक होती. नॉब फिरवताच गाडीखालून मोटरची घरघरही येत होती. मोटर फिरते आहे म्हटल्यावर सर्व्हिस सेंटरने मोटर बदलायची भाषा तिथेच थांबवायला हवी होती, पण ऐकतो कोण!

या रचनेत दोन जोडण्या होतात. ट्रान्सफर केसमध्ये (गिअरबॉक्सची ताकद पुढे-मागे वाटणारी पेटी) मोटर पुढचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे पुढच्या ॲक्सलला ताकद नेणारा दांडा, जोडते. पुढच्या ॲक्सलमध्ये व्हॅक्यूमवर चालणारा ॲक्चुएटर कॉलर (दातेरी कडं) सरकवून एका बाजूचा शाफ्ट जोडतो. ॲक्सलवरच्या स्विचने 'जोडलं' असं कळवल्यावरच दिवा स्थिर होतो. म्हणजे लुकलुकणं याचा अर्थ हुकूम गेला, पोच आली नाही.

कोणती जोडणी अडली ते असं शोधलं. सपाट जागा, मागच्या चाकांना उटी, हॅण्डब्रेक, पुढची दोन्ही चाकं उचलून ॲक्सलखाली घोड्या. फोर-एच लावून इंजिन बंद केलं आणि पुढचा प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरवून पाहिला. फिरला नाही, म्हणजे ट्रान्सफर केस जोडला होता. मग गिअर न्यूट्रल ठेवून इंजिन सुरू केलं (या वेळी गाडीखाली कोणी जायचं नाही आणि गिअर अजिबात टाकायचा नाही) आणि बाजूला उभं राहून एक पुढचं चाक फिरवलं. ॲक्सल जोडलेला असता तर दुसरं चाक उलट्या दिशेला फिरलं असतं. ते जागचं हललं नाही. कधी कधी कॉलरचे दात समोरासमोर येऊन अडतात, म्हणून चाक थोडं पुढेमागे करूनही पाहिलं.

इंजिन सुरू ठेवणं गरजेचं, कारण डिझेलमध्ये व्हॅक्यूम पंप इंजिनवर चालतो. नुसती चावी फिरवून तपासलं तर धडधाकट गाडीही नापास होते.

आता इंजिन बंद करून व्हॅक्यूम ओढणारा, काट्याचा हातपंप लावला. ॲक्चुएटरच्या निपलवर (पाइप बसतो ते तोंड) थेट २० इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम ओढलं, मिनिटभर काटा हलला नाही. डायफ्राम, म्हणजे आतला रबरी पडदा, शाबूत. मग सोलेनॉइडपासून (व्हॅक्यूम सोडणारा-अडवणारा विजेचा व्हॉल्व्ह) ॲक्सलकडे येणारा पाइप काढला, एका टोकाला बूच मारलं, दुसऱ्या टोकाने ओढलं. काटा लगेच शून्यावर. इंजिनच्या उष्णतेने रबर कडक होऊन वळणावर, नेमकं क्लिपखाली, तडकलं होतं. वरून काही दिसत नाही. पाइप वाकवला तेव्हाच चीर उघडली.

टोकालाच चीर असेल आणि पाइपला लांबी असेल तर तेवढा भाग कापून पुन्हा बसवता येतो. माझी वळणावर होती, म्हणून नवा घेतला. व्हॅक्यूमचाच पाइप मागा. पातळ भिंतीचा साधा पाइप ओढ बसताच चपटतो. जुना तुकडा सोबत न्या, आतला व्यास निपलला घट्ट बसायला हवा. दोन पाइप सोलेनॉइडवर येत असतील तर काढण्याआधी खूण करा, अदलाबदल झाली की काम उलटं होतं.

दुरुस्तीनंतरची चाचणी मातीवर घ्या. कोरड्या डांबरावर वळणात शाफ्टांत ताण साठतो आणि फोर-एच सुटत नाही. तसं झालंच तर सरळ रेषेत थोडं मागे घ्या. फोर-एलसाठी गाडी पूर्ण थांबवून, न्यूट्रलमध्ये, क्लच दाबूनच नॉब फिरवा.