परसबागेतला पक्षपात

पावसाने जरा उघडीप दिली की वांग्याची रोपं तरारतात आणि पाठोपाठ त्यांच्या पानांची जाळी व्हायला लागते. जवळून पाहिलं तर कळतं, यातली बरीचशी भोकं भोकं नसतातच. पानातला हिरवा गर तेवढा खरवडून नेलेला असतो. शिरा जागच्या जागी आणि वरचा पापुद्राही शाबूत. पान उलटं केलं की चोर सापडतो. अंगभर फांद्या फुटलेले काटे घेऊन बसलेली पिवळी अळी आणि तिच्या शेजारी तांबूस, गोलसर, पाठीवर काळे ठिपके असलेला भुंगेरा. हा एपिलॅक्ना. ठिपके मोजायची हौस असेल तर २८ भरतात.

पंचाईत अशी की हा ढालकिड्याच्याच कुळातला. ढालकिडा म्हणजे मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारे बारीक किडे, फस्त करणारा, शेतकऱ्याचा मित्र. त्या मांसाहारी खानदानात हा एक शाकाहारी निघाला आणि बागेची नासधूस करतो तो नेमका हाच. आमच्या घरात हे मोठ्याने बोलायची सोय नाही. दोघांतला फरक दिसतो तो पाठीवर: ढालकिडा चकचकीत, एपिलॅक्नाची पाठ बारीक लवीमुळे मंद. चिमटीत धरायच्या आधी एवढं बघून घ्यायचं.

भोपळ्या-काकडीवर येतात ते लाल भुंगेरे. वेल दोन पानांचा असतानाच गाठतात, म्हणजे वेलाने अजून डोकंही वर काढलेलं नसतं. शेजारच्या काकूंकडे यावर एकच औषध. "अगं, दव असतानाच राख भुरभुरव, म्हणजे पानाला धरेल." उपाय खरा आहे, पण राख आणायची कुठून? काकूंचा बंब कधीच मोडीत गेला, आमच्याकडे तर गीझरच. तेव्हा आम्ही सकाळी लवकर, भुंगेरे गारठ्याने सुस्त असताना, साबणाच्या पाण्याची वाटी पानाखाली धरतो आणि पान हलवतो. कारल्याला मात्र ते सहसा तोंड लावत नाहीत. याबाबतीत त्यांचं आणि घरातल्या मुलांचं एकमत आहे.

अळ्यांचा शोध घेताना मी अळी शोधतच नाही, लेंड्या शोधते. हिरव्या पानावर हिरवी अळी डोळ्यांसमोर असून दिसत नाही, पण खालच्या पानावर काळे, मोहरीएवढे दाणे पडलेले लगेच दिसतात. तिथून सरळ वर बघायचं. अळूवर पतंगाची ती शेपटाशी शिंग असलेली जाडजूड अळी अशीच सापडते; वडीचं पान रात्रीत देठापर्यंत गेलेलं असतं आणि खाली मिऱ्याएवढा ऐवज पडलेला असतो. 'तंबाखूवरची पानं खाणारी अळी' या नावाने ओळखली जाते ती त्याहून चलाख. दिवसा मातीत दडून बसते, रात्री जेवायला वर येते. तिला गाठायचं तर लहानपणीच. मादी पानामागे अंड्यांचा पुंजका घालते आणि त्यावर स्वतःच्या अंगाची भुरकट लव पसरते. अंडी फुटली की पिल्लं काही दिवस त्याच पानावर घोळक्याने खात बसतात. तेवढं एक पान तोडलं की शेकडो अळ्यांचा निकाल लागतो. पुढे त्या पांगल्या की बसा बॅटरी घेऊन.

फवारणी करतोच, नाही असं नाही. निंबोळ्या वाळवून ठेवलेल्या असतात. लिटरला ५० ग्रॅम या हिशेबाने कुटून रात्रभर भिजत घालायच्या, फडक्याने गाळून जरासं साबणाचं पाणी घालायचं. फवारायचं संध्याकाळी, कारण उन्हात त्यातला कडू गुण टिकत नाही. नवख्या माणसाची मात्र निराशा होते, कारण दुसऱ्या दिवशी अळ्या जिवंतच! निंबोळी फटकन मारत नाही. अळीची अन्नावरची वासना उडते, तिला कात टाकता येत नाही आणि मग ती संपते. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाड आली तेव्हा सगळी झाडं बोडकी झाली आणि कडुनिंब तेवढा हिरवा राहिला; हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकतज्ज्ञाने ते पाहिलं आणि शास्त्रज्ञ निंबाच्या मागे लागले. आपल्याकडे धान्याच्या कणगीत निंबाचा पाला त्याच्या कितीतरी आधीपासून आहे.

फटकन मारणाऱ्या औषधांचं काय होतं, ते कोबीवरच्या चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाला विचारावं. डीडीटी कीटक मारतं हे शोधल्याबद्दल १९४८ साली नोबेल मिळालं. १९५३ साली जावा बेटावर या चिमुकल्या पतंगाला डीडीटी पचायला लागल्याची नोंद झाली.

अर्थात, हे सगळं चार वाफ्यांच्या मालकिणीने बोलायचं. एकरभर कोबी लावलेल्याला 'पानामागे बघत जा' म्हणणं ही त्याची चेष्टा आहे. तो कोबीच्या २५ ओळींमागे मोहरीच्या २ ओळी लावून पतंगाला तिकडे वळवतो, मादीच्या वासाने नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे टांगतो, किडे टिपणाऱ्या कोतवाल पक्ष्याला बसायला पक्षिथांबे उभारतो, आणि तरी कधी कधी फवारतो. मंडईत भोक पडलेली मेथी हौसेने निवडणाऱ्यांचं मला म्हणूनच नवल वाटतं. भोक म्हणजे अळी येऊन गेली, इतकंच. तिच्यानंतर पंप आला नसेल कशावरून?

घरच्या बागेत मात्र पक्षपात परवडतो, आणि आम्ही तो उघड करतो. वांग्यावरच्या अळीला दयामाया नाही. लिंबावर आणि कढीपत्त्यावर बसलेलीला अभय. आधी ती पक्ष्याच्या विष्ठेचं सोंग घेऊन बसते, मोठी झाली की हिरवीगार होते, आणि काडीने डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी दुबेळकं बाहेर काढून असा वास सोडते की डिवचणारा मागे सरतो. खादाड तर इतकी की फोडणीला पान उरत नाही. पण तिचं पुढे फुलपाखरू होणार असतं ना! महाराष्ट्राने २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान दिलेली राणी पाकोळीही याच लिंबू-पपनसाच्या कुळावर पोसली जाते. वांग्याच्या अळीचा गुन्हा एवढाच, की ती मोठी होऊन देखणी होत नाही. न्याय म्हणून पाहिलं तर यात काही अर्थ नाही, तरी कढीपत्त्याची दोन झाडं लावली आहेत: एक आमटीसाठी, एक अळ्यांसाठी. अळ्यांना हे वाटप मान्य नाही. आमटीच्या झाडावरच्या उचलून दुसऱ्यावर ठेवायचं काम धाकट्याकडे आहे.

कोष करायला मात्र त्या झाड सोडून खिडकीच्या जाळीवर येतात, कंबरेला रेशमाचा दोर बांधून स्वतःला टांगून घेतात. दिवाळीच्या साफसफाईत त्या जाळीवरून दरवर्षी वाद होतो. सासूबाईंना जाळी स्वच्छ हवी असते, धाकट्याला कोष. गेल्या वेळी जाळी अर्धीच पुसली गेली आणि पाहुण्यांनी त्याचं कारण विचारल्यावर सासूबाईंनीच ते कौतुकाने सांगितलं.