मी तुला नाही मोजत

आज खरं तर काही खास झालं नाही. तरी जेवताना तेच, गाडीवर येताना तेच, आणि आता साडेअकरा वाजून गेले तरी झोप नाही म्हणून लिहितेय.

स्टेशन ४ ला नवीन ट्रेनी आलीये, लातूरकडची. तिचा टाइम स्टडी घेतला, म्हणजे एका पीसला किती सेकंद लागतात ते घड्याळ लावून बघितलं. संपल्यावर मी पॅड मिटलं तर हळूच म्हणाली, मॅडम, मी लई स्लो हाय का? मी लगेच, पाठ असल्यासारखं, अगं मी तुला नाही मोजत, कामाला मोजतेय. हे शिकवलेलंच असतं, ऑपरेटर बावरला की हे बोलायचं. ती म्हणाली, व्हय, पण काम तर मीच करते ना. आणि पुढचा पीस उचलला. चिडून वगैरे नाही, सहज.

एवढंच. पण ते जात नाहीये डोक्यातून.

मी लाइनवर पोचले की बोलणं थांबतं हे मला आधीपासून माहितीये. चाकणला लागले तेव्हा वाटायचं होईल सवय त्यांना. झाली ती मलाच. प्राजू हिंजवडीत एसीत बसते आणि तिचं काम मामीलासुद्धा एका वाक्यात कळतं, माझ्याबद्दल मामी अजून "कंपनीत सुपरवायझर आहे" असंच सांगते. नीटीचं, म्हणजे मुंबईच्या त्या इंडस्ट्रियल इंजिनिअरिंगच्या संस्थेचं, तर नकोच, आता नाव पण बदललं त्याचं, २०२३ पासून आयआयएम मुंबई, म्हणजे मनात धरून ठेवलेली पाटीसुद्धा राहिली नाही. असो. बाबांशी त्या विषयावर बोलायचं मी सोडलंय.

तर ती पोरगी. ३८ सेकंदात करत होती. पण ३८ खरे नाहीत, मी उभी होते म्हणून ती पळत होती, दिसतं ना ते, खांदे वर गेलेले, बोल्ट आवळायची गन जागेवर ठेवायच्या आधीच दुसरा हात बोल्टकडे. म्हणून रेटिंग ११० लावलं, म्हणजे नेहमीचा वेग १०० धरला तर तिचा ११०. ३८ चे झाले ४१.८, त्यावर थकवा, पाणी, बाथरूम धरून १२ टक्के अलाउन्स, म्हणजे जादा वेळ, की झाले ४६.८. आणि शिफ्टचे ब्रेक सोडून ४५० मिनिटं, ६०० पीस, म्हणजे टॅक्ट, एका पीसला मिळणारा वेळ, ४५ सेकंद. ४६.८ त्यात बसत नाही. सरांनी शीट बघितली आणि म्हणाले १०० धर ना रेटिंग, ४२.६ येतं, विषय संपला.

विषय संपतो, पण तिच्यासाठी नाही. १०० लिहिलं की आज घाबरून केलेली घाई तिचा रोजचा रेट होणार, आणि तिच्या एकटीचा नाही, तिन्ही शिफ्टचा.

आणि इथेच मी अडकलेय. घड्याळाने मला फक्त ३८ सांगितलं. ११० कुठल्याच घड्याळात नव्हतं, ते मी तिच्याकडे बघून लावलं. म्हणजे मोजलंच की तिला. तुला नाही मोजत म्हणतच मोजलं. आणि गंमत अशी की मोजलं नसतं, नुसतं ३८ उचलून पुढे गेले असते, तर ते तिला जास्त महागात पडलं असतं. हे तिला काय सांगणार मी, लाइन चालू असताना?

टाइम स्टडी सुरू करणाऱ्या टेलरसाहेबांनी १८८० च्या दशकात अमेरिकेत मिडव्हेलच्या स्टील कारखान्यात घड्याळ हातात घेतलं तेव्हापासूनचं हे भांडण आहे, मी काय मिटवणार. कॉलेजात त्याच्यावर अख्खं युनिट होतं आणि याच कामातल्या लिलियन गिलब्रेथवर जेमतेम अर्धं पान, तेही नवऱ्यासोबत. बाई १९१५ ची सायकॉलॉजीतली पीएचडी, बारा मुलं, १९२४ मध्ये नवरा गेला तर क्लायंट पळाले, कारखान्यात बाई नको म्हणून. मग ती स्वैपाकघरं मोजायला लागली. पायाने उघडायचा कचऱ्याचा डबा तिच्या नावावर सांगतात. आमच्या ओट्याखाली आहे तोच. आई रोज दहा वेळा दाबते आणि मला विचारते, तू नक्की शिकलीस काय गं. हे आठवून मगाशी एकटीच हसले.

मग उठून दुपारचा व्हिडिओ परत बघितला. बोल्टचा बिन तिच्या पाठीमागे डावीकडे आहे, दर पीसला कमरेतून वळते. कोणी ठेवलाय देव जाणे, मागच्या लेआउटचा असणार. तो पुढे, उजव्या हाताशी आणला तर ४ सेकंद तरी जातील. ३४ गुणिले १.१, वर १२ टक्के, ४१.९. टॅक्टच्या आत, आणि ११० ला हात न लावता. बिनसाठी ब्रॅकेट लागेल, मेंटेनन्सवाल्यांना चहा पाजावा लागेल, ते चालतं. आणि त्या पोरीला पण आधी विचारते, उजवीकडे बरं पडेल का म्हणून, डावखुरी निघायची नाहीतर.

सर खूश होतील. आणि लगेच म्हणतील, ३ सेकंद उरतायत ना, मग लेबल लावायचं काम पण चारवरच टाक.