गेम चालू, डबलबारी चालू

पावसात मालवणात नेटचं काय होतं ते मी वेगळं सांगायला नको, त्यामुळे गेम खेळताना स्ट्रीमिंगवर गाणी वगैरे विसरा. पण पीएस४ला (सोनीचा प्लेस्टेशन ४ हा गेम खेळायचा कन्सोल) पेनड्राइव्ह लावून आपली गाणी वाजवता येतात हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं! २०१३ला कन्सोल आला तेव्हा ही सोय नव्हती, २०१४च्या अपडेटमध्ये आली. पेनड्राइव्ह फॅट३२ किंवा एक्सफॅट प्रकारात फॉरमॅट केलेला पाहिजे, आत म्युझिक नावाचं फोल्डर करायचं (इंग्रजीतच हां) आणि त्यात एमपी३, एएसी नाहीतर फ्लॅक फाइली टाकायच्या, झालं.

फक्त गाणी कन्सोलच्या हार्डडिस्कवर उतरत नाहीत, पेनड्राइव्ह लावलेलाच ठेवायचा. पीएस३ या बाबतीत भारी होता राव, ऑडिओ सीडी टाकली की गाणी थेट आत कॉपी व्हायची. पण गेमच्या मागे वाजवायची तर त्या गेमने तशी सोय दिलेली असली पाहिजे, आणि बहुतेक देत नसत. २००१चा पहिला एक्सबॉक्सपण (मायक्रोसॉफ्टचा कन्सोल) सीडी कॉपी करायचा.

माझ्या पेनड्राइव्हवर जत्रेतली डबलबारी (दोन बुवांचा भजनाचा सामना) आहे, चुलतभावाने मोबाइलवर रेकॉर्ड केलेली, आणि रेसिंग गेममध्ये वळणावर गाडी असताना बुवा गजर चढवतात तेव्हा काय मजा येते म्हणून सांगू, गेमचं स्वतःचं म्युझिक मी सेटिंगमधून बंदच करून टाकलंय. आई आतून विचारते, भजन लावून मारामारी कसली रे करतंस?

पीएस५ घेणाऱ्यांनी मात्र बघून घ्या, त्यात नेटवर चालणारं स्पॉटिफाय आणि ॲपल म्युझिक आहे, पेनड्राइव्हवाला प्लेयर नाही.